पुढच्या पायाला गुडघा नसतो

सर माणसांना अरे-तुरे करायचे आणि गाढवांना अहो-जाहो. मला "ए पोरी, प्लेट सरळ धर" आणि समोरच्या गाढवीला "बाई, पाय जरा पुढं घ्या. बस, एवढंच." सुरुवातीला मला वाटलं, थट्टा करतात. पण गाढवीनं पाय पुढं घेतला की ते मान झुकवून तिचे आभार मानायचे, तेही आजूबाजूला कोणी नसताना. तेव्हा कळलं की हा माणूस असाच आहे.

मी तेव्हा दारव्ह्याला एका हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. एका बाजारच्या दिवशी गर्दीत सर रांगेत येऊन बसले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंटचं नाव. सर म्हणाले, राणी. वय? सहा. तक्रार? उजवा हात टेकवत नाही. मुलीनं चिठ्ठी फाडून दिली. पाऊण तास ते शांत बसून राहिले, नंबर आल्यावर माझ्या खोलीत आले आणि म्हणाले की पेशंट बाहेर लिंबाखाली उभी आहे, तिला आत आणायची का मशीन बाहेर येईल. मला वाटलं, लहान पोर आहे, भ्यालं असेल. समजूत काढायला मी बाहेर गेले. लिंबाला एक करडी गाढवी बांधलेली होती आणि भोवती दहा-बारा माणसं जमली होती.

आमचे मोठे डॉक्टर रागावतील अशी माझी खात्री होती. ते बाहेर आले, गाढवीकडं बघितलं, सरांकडं बघितलं आणि हसत सुटले. सर त्यांचे दूरचे ओळखीचे निघाले. जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शरीररचना शिकवली होती आणि नुकतेच रिटायर होऊन दारव्ह्याला राहायला आले होते. माणसांचं मशीन गाढवाला मिळणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण स्टोअरमध्ये एक जुनं चाकांचं मशीन धूळ खात पडलं होतं, ते त्यांनी सरांना देऊन टाकलं. मशीन सरांच्या घरी गेलं आणि त्याच्या मागोमाग रविवारी मीही जायला लागले, कारण ते चालवणार कोण?

माझं घर तांड्यावर. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आता शेती आहे. याडीला, म्हणजे माझ्या आईला, मी रविवारी गाढवांचे फोटो काढते हे कळलं तेव्हा ती म्हणाली की बैलांच्या मागं चालणाऱ्यांची लेक गाढवांच्या मागं निघाली, म्हणजे फार काही बिघडलं नाही.

सरांसमोर 'गाढवाचा गुडघा' हे शब्द उच्चारायची सोय नव्हती. कोणी उच्चारले की चालू काम थांबायचं. "पुढच्या पायाला गुडघा नसतो," ते म्हणायचे, आणि बोलणाऱ्याचं मनगट धरायचे. "हे बघ. हे तुझं मनगट. गाढवाचंही हेच. वर कोपर, त्याच्या वर खांदा. तुझ्यासारखाच हात आहे त्यांचा, फक्त त्यांना तो जमिनीवर टेकवावा लागतो." मग समोरच्याला मधलं बोट टेबलावर उभं टेकवायला लावायचे. सगळा भार त्या बोटाच्या नखावर टाक म्हणायचे. कोणालाच जमायचं नाही. "गाढव जन्मभर एका बोटाच्या नखावर उभं असतं. वरून पाठीवर विटा. आणि आपण त्याच्या नावानं शिव्या देतो." हे भाषण मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही कुणाचं बोट सुजलंय म्हणून फोटो काढायला घेतला की मला खूर दिसतं.

एकदा ते राळेगावहून एसटीनं येत होते. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तारेत ओवलेला गाढवाचा अख्खा पुढचा पाय. गाडीनं गचका खाल्ला, पिशवी आडवी झाली आणि हाडं खळखळत बाहेर आली. शेजारची बाई ओरडून उठली. कोणीतरी म्हणालं, करणीचा माणूस आहे, उतरवा. कंडक्टरनं बेल मारली. सर काही उतरले नाहीत. त्यांनी हाडं गोळा केली, मधल्या जागेत उभे राहिले आणि खांद्यापासून सुरुवात केली. यवतमाळ येईपर्यंत ते मनगटाच्या छोट्या हाडांपर्यंत पोचले होते. तिथं वाटाण्याएवढं एक हाड असतं, ते काही गाढवांना असतं आणि काहींना नसतंच, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मघाशी ओरडलेली बाई म्हणाली, "मंग ज्याले नाई त्याचं अडत नाई का?" सर इतके खूश झाले की ही गोष्ट सांगताना ते नेहमी इथं थांबायचे. चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला नव्हता म्हणे. बसस्टँडवर उतरल्यावर कंडक्टरनं स्वतःचा खांदा दाखवून घेतला.

हाडं स्वच्छ करायची तर ती उकळावी लागतात. त्यासाठी गच्चीवर एक मोठं पातेलं होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्याच्यावर लाल रंगाचा जाड पट्टा मारून ठेवला होता, चुकून कोणी त्यात वरण लावू नये म्हणून. काकू शाळेत गणित शिकवायच्या, बोलणं मोजकं. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा चहा देताना त्यांनी मला सांगितलं, "लग्नात यायनं माहा हात धरला तवा मले वाटलं, प्रेमानं धरला. मंग समजलं, हाडं मोजून राह्यले होते." सर शेजारीच बसले होते. "बरोबर होती," ते म्हणाले.

आता हे सगळं कशासाठी, तर सरांना एक वही करायची होती. वही म्हणजे जाडजूड अल्बमच. त्यात गाढवाच्या पुढच्या पायाच्या प्रत्येक सांध्याचे फोटो लावायचे, खांद्यापासून खुरातल्या शेवटच्या सांध्यापर्यंत, समोरून आणि बाजूनं, लहान वयाच्या गाढवांचे आणि म्हाताऱ्यांचे. आणि सगळी गाढवं धडधाकट हवीत. सरांचं म्हणणं, पुस्तकं सगळी घोड्याची आहेत. त्यात गाढव म्हणजे लहान घोडा असं समजून पुढं जातात. गाढवाचं चांगलं हाड कसं दिसतं हेच ज्यानं बघितलं नाही, तो त्याचं दुखणं काय ओळखणार?

धडधाकट गाढवाचा फोटो कशाला, हे मालकांना पटवणं सोपं नव्हतं. लोक आजारी जनावर दाखवायला आणतात. वीटभट्ट्यांवर आम्ही गेलो की एखादा मालक लंगडं गाढव पुढं करायचा आणि सर त्याला ओलांडून त्याच्या मागच्या चांगल्या गाढवाकडं हात जोडून जायचे. लंगड्यालाही बघायचे, पण नंतर. हळूहळू बातमी पसरली की एक म्हातारा गाढवांचे फोटो फुकट काढतो. मग एका रविवारी एकानं आपल्या गाढवीला आंघोळ घालून, कपाळाला कुंकू लावून आणि गळ्यात झेंडूची माळ घालून उभं केलं. फोटोत हाडं येतात, चेहरा येत नाही, हे मी त्याला सांगणार होते. सरांनी मला डोळ्यांनी दटावलं. प्लेट मनगटाला लावताना त्यांनी गाढवीला सांगितलं की माळ छान दिसते.

सर स्वतः शिशाचा एप्रन घालायचे, मलाही घालायला लावायचे, आणि कासरा धरणाऱ्या मालकालाही. आमच्याकडचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. प्लेट हातानं धरायची नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून त्यांनी लांब बांबूला एक चौकट ठोकून घेतली होती. तो एप्रन काढायचा मात्र ते विसरायचे. त्याच अवतारात बाजारात जाऊन मेथीची जुडी निवडत असलेले सर मी पाहिले आहेत.

त्यांचा दुसरा नियम होता, "आधी चांगला पाय." दुखऱ्या पायाचा फोटो काढायचा असेल तर आधी त्याच गाढवाच्या चांगल्या पायाचा काढायचा. घाई असली, उन्हं कलली, लाईट जायची वेळ झाली तरी. मला हा नियम म्हातारपणाचा हट्ट वाटायचा. दुखतं उजवीकडं आणि आपण डावीकडं प्लेट लावून बसतो. मालकही कुरकुरायचे. नियम काहून केला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कारण मी एकदा केलं नव्हतं," आणि विषय बदलला.

मग रेणूबाईंच्या गाढवीचं प्रकरण झालं.

रेणूबाई गावाबाहेरच्या भट्टीवर विटा वाहायच्या. त्यांची तीन गाढवं, त्यातली सर्वांत लहान गाढवी, चिमणी, वर्षभरापूर्वीच कामाला लागलेली. गाढव दुखणं लवकर दाखवत नाही, उभं राहून सोसतं. पण त्या दिवशी चिमणीनं डावा पुढचा पाय उचलला तो खाली ठेवेचना आणि वैरणीला तोंड लावेना. रेणूबाईंनी निरोप पाठवला. सर नेमके तापानं पडलेले. मी दवाखान्यातून सुटले आणि मशीन टेम्पोत टाकून एकटीच गेले. जनावरांच्या दवाखान्यात नवीनच रुजू झालेल्या डॉक्टर मॅडमनाही रेणूबाईंनी बोलावलं होतं. वयानं त्या माझ्याएवढ्याच असतील, कामात चोख.

संध्याकाळ होत आली होती, भट्टीवरची लाईट ये-जा करत होती, चिमणी थरथरत होती. मी फक्त दुखऱ्या पायाचा फोटो काढला. मॅडमना घेऊन आमच्या दवाखान्यात आले आणि पडद्यावर बघितला, तर मनगटाच्या जरा वर, हाडातून आरपार एक काळी रेघ. माणसांच्या लेकरांत अशी रेघ मी रोज बघते. वाढत्या हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये कुर्चा असते, ती फोटोत दिसत नाही, तिच्या जागी काळी रेघ दिसते. तसं मी मॅडमना बोललेही. त्यांनी मोबाईलवर पुस्तक उघडून दाखवलं. या वयापर्यंत ती रेघ बुजलेली असते, असं लिहिलेलं होतं. म्हणजे ही मोड. आणि मोडलेल्या हातानं गाढव उभं राहत नाही, त्याला हालात ठेवणंही पाप. सकाळी इंजेक्शन देऊन मोकळं करावं, असं त्यांनी रेणूबाईंना फोनवर सांगितलं. रेणूबाईंनी फोन ठेवला.

मी फोटो घेऊन तशीच सरांकडं गेले. ते गोधडी पांघरून बसले होते. फोटो दिव्यापुढं धरून त्यांनी विचारलं, "आणि चांगला पाय?"

नाही काढला, मी म्हणाले. सर रागावले नाहीत. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला आणि मला बसायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं, जे काकूंशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ते उमरखेडकडं होते. एका कुंभाराची तरणी गाढवी अशीच पाय उचलून उभी राहिली. सर नवे आणि हुशार. माणसांच्या एका डॉक्टरकडं नेऊन त्यांनी तिच्या पायाचा फोटो काढला, त्यात हीच रेघ दिसली आणि हेच पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं. हाड मोडलं, असं सांगून त्यांनी इंजेक्शन दिलं. मोडलेलं हाड दाखवायला जवळ असावं म्हणून दोन्ही पुढचे पाय मागून घेतले आणि पाचव्या दिवशी उकळायला ठेवले. दुखऱ्या पायाचं हाड त्या रेघेवर सुटून आलं. पण तो तुटलेला काठ नव्हता, सांधा सुटल्यासारखा साफ सुटला होता. मग त्यांनी चांगला पाय उकळला. तोही तिथंच, तसाच सुटला. शेवटी खुराचं टोपण निघालं. आत गंजलेला खिळा होता आणि त्याच्याभोवती काळा पू.

"खिळा काढला असता तर आठवड्यात चालली असती," सर म्हणाले. "त्यानंतर मी इलाज करणं सोडलं आणि शिकवायला गेलो. लोकायले वाटलं, मले पुस्तकाची आवड."

सकाळी ताप असूनही ते भट्टीवर आले. काकूंनी अडवलं नाही, फक्त डोक्याला मफलर गुंडाळून दिला. डॉक्टर मॅडम इंजेक्शनची पेटी घेऊन आधीच आल्या होत्या. रेणूबाई चिमणीच्या गळ्यात हात टाकून बसल्या होत्या आणि कोणाकडं बघत नव्हत्या. सर सरळ चिमणीकडं गेले. "बाई, काल आमच्याकडून एक राहिलं," असं तिला म्हणाले आणि मला उजव्या पायाला प्लेट लावायला सांगितली.

मी प्लेट घेऊन टेम्पोनं दवाखान्यात गेले, फोटो छापला आणि परत आले. त्या अर्ध्या तासात भट्टीवर कोणी एक वीट उचलली नाही. सरांनी दोन्ही फोटो उन्हात शेजारी-शेजारी धरले. उजव्या पायातही तीच रेघ होती, त्याच जागी आणि तेवढीच जाड. पिशवीतून त्यांनी आमची वही काढली आणि चिमणीच्याच वयाच्या तीन धडधाकट गाढवांची पानं मॅडमना दाखवली. तिन्हींत रेघ होती. पुस्तकातलं वय घोड्याचं होतं, गाढवाची रेघ उशिरा बुजते. मॅडमनी पेटी बंद केली आणि म्हणाल्या, "सर, मग दुखतंय कुठं?"

"हे विचारलंस ना, आता तू डॉक्टर," सर म्हणाले आणि चिमणीचा पाय उचलून मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनीच खूर तासलं. तळाशी एक काळा ठिपका होता, त्याच्यामागं गेल्यावर घाण वासाचा पू उडाला आणि पाठोपाठ बांधणीच्या तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बाहेर आला. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून पट्टी बांधली. चिमणीनं पाय खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग तिनं मान लांब करून सरांच्या मफलरचं टोक चावलं. रेणूबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "काल रातीच मी इले सांगून ठेवलतं," त्या म्हणाल्या, "का बाई, माफ कर." आणि मग त्या पदर डोळ्यांना लावून हसायला लागल्या. आठ दिवसांनी चिमणी कामावर होती. रेणूबाईंनी विटा मात्र महिनाभर निम्म्याच लादल्या.

त्यानंतर सर एकदम तरतरीत झाले. मॅडम रविवारी आमच्याबरोबर यायला लागल्या, वही भराभर भरली. शेवटचं पान लावून झालं त्या दिवशी सर म्हणाले की उमरखेडला जायचं आहे. तो कुंभार आहे की नाही, कुठं राहतो, काही माहीत नव्हतं. काकू म्हणाल्या, पोरीला सोबत न्या. आम्ही एसटीनं गेलो आणि विचारत विचारत दुपारी त्याच्या दारात पोचलो.

म्हातारा होता. सरांपेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल, काटक, ओसरीवर सुतळी वळत बसलेला. सरांनी नाव सांगितलं, त्यानं मान हलवली, ओळखलं. सर उभ्यानंच बोलले. हाड मोडलं नव्हतं, खुरात खिळा होता, चूक माझी होती, असं सगळं सलग सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी मग वही काढली आणि त्याच्यापुढं धरली, शाळेतलं पोर गृहपाठ दाखवतं तशी. म्हाताऱ्यानं पानं उलटली. त्याला त्यातलं काय कळलं कोणास ठाऊक, पण एकही पान त्यानं सोडलं नाही.

मग त्यानं विचारलं, "थ्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाई. तुमी जेवलते का, साहेब?"

मला वाटलं, सर नाही म्हणतील. कोणीही म्हटलं असतं.

"जेवलो होतो," सर म्हणाले. "थ्या दिवशी मले वाटत होतं का मी बरोबर केलं. पाचव्या दिवशी नाई जेवलो."

म्हातारा सुतळी बाजूला ठेवून उठला, आत तोंड करून दोघांचं पान वाढायला सांगितलं आणि रांजणातून तांब्याभर पाणी आणून स्वतः सरांच्या हातावर घातलं. "खरं बोलले," तो म्हणाला. "आता आज जेवून जा."

आम्ही ओसरीवर बसलो. ज्वारीच्या भाकरी, तुरीच्या दाण्याची आमटी आणि ठेचा. म्हातारा समोर बसून वाढत होता आणि सर जेवत होते. तीन भाकरी खाल्ल्या. घरी ते दीडच्या वर जात नाहीत, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.